उताऱ्यातली मध्यवर्ती कल्पना आणि तिचा पुरावा कसा शोधायचा, अगदी पहिल्यापासून

उतारा वाचून झालेल्या माणसाला विचारा की काय होतं त्यात, तर बहुतेक वेळा उत्तर येतं "कॉलऱ्याबद्दल होतं" नाहीतर "प्राण्यांबद्दल होतं", आणि खरी गाडी इथेच अडते. कशाबद्दल होतं हा झाला विषय. त्या विषयाबद्दल लेखकाला काय म्हणायचंय ती मध्यवर्ती कल्पना. विषय एका शब्दात सांगता येतो पण मध्यवर्ती कल्पनेला पूर्ण वाक्य लागतं, क्रियापदासकट. एवढा फरक डोक्यात पक्का बसला की माझ्या मते निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम पुराव्याचं, आणि त्याकडे नव्या वाचकांचं लक्षच नसतं. आधी एखादी छानशी कल्पना मनात धरायची आणि मग तिला जुळेल असं एखादं वाक्य उताऱ्यातून उचलून खाली लिहायचं, असं सर्रास चालतं. त्याऐवजी दोघांना एकमेकांची परीक्षा घेऊ द्या. कल्पना सुचली की पुरावा शोधा, पुरावा नीट सापडत नसेल तर कल्पना बदला, परत उताऱ्यात जा, परत बघा. दोनतीन फेऱ्या झाल्या की वाक्य आपोआप नेमकं होत जातं.

उताऱ्याशिवाय याबद्दल बोलणं म्हणजे नुसत्या हवेतल्या गप्पा, म्हणून आधी एक उतारा घेऊ. वाक्यांना नंबर दिलेत म्हणजे पुढे बोट ठेवून बोलता येईल.

(१) १८५४ मध्ये ऑगस्ट महिन्याच्या शेवटी लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. (२) हा रोग कुजलेल्या, दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो असे त्या काळातील बहुतेक डॉक्टर मानत. (३) जॉन स्नो या डॉक्टरचा संशय मात्र पाण्यावर होता. (४) त्याने मृतांचे पत्ते तपासले, तेव्हा बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या आसपास झाल्याचे दिसले. (५) त्याच रस्त्यावर बिअरचा एक कारखाना होता. तिथले कामगार कारखान्यातलीच बिअर पीत, कारखान्याला स्वतःची विहीरही होती, आणि त्यांच्यापैकी एकही जण कॉलऱ्याने दगावला नाही. (६) याउलट, काही मैल दूर, जिथे साथ नव्हती अशा हॅम्पस्टेडमध्ये एक स्त्री कॉलऱ्याने मरण पावली. तिला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडे, म्हणून ते रोज तिच्याकडे पोहोचवले जाई. (७) ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. (८) तोपर्यंत साथ ओसरू लागली होती.

पायरी १: पहिलं वाचन पेन खाली ठेवून

पहिल्या वाचनात काही अधोरेखित करू नका. माहितीय की हात शिवशिवतात, पण पहिल्याच फेरीत हायलाइटर चालवला की आकडे, नावं आणि तारखा रंगतात, कारण डोळ्याला तेच पटकन दिसतं, आणि मग पूर्ण पान पिवळं होतं तरी लेखक काय म्हणतोय ते कळलेलं नसतं. सलग वाचा. अडलेला शब्द सोडून पुढे जा, दोन वाक्यांनंतर बऱ्याचदा त्याचा अर्थ लागतो.

पायरी २: विषय लिहून टाका

दोनचार शब्दांत, फार विचार न करता. इथे "सोहोमधली कॉलऱ्याची साथ". झालं, पुढे चला.

पायरी ३: प्रत्येक वाक्याला विचारा, तू इथे काय काम करतोयस?

ही पायरी लोक गाळतात आणि मला विचाराल तर सगळा खेळ इथेच आहे. वाक्यात काय लिहिलंय ते नाही विचारायचं, ते वाक्य तिथे कशासाठी ठेवलंय ते विचारायचं. समासात एकदोन शब्द लिहिले तरी पुरे.

आपल्या उताऱ्यात १ हे वाक्य पार्श्वभूमी देतं, कधी, कुठे, किती. २ मध्ये एक मत येतं पण ते लेखकाचं नाही आणि स्नोचंही नाही, ते "बहुतेक डॉक्टरांचं" आहे. हे समासात लिहाच, "दुसऱ्यांचं मत" असं. कारण घाईघाईत वाचणारा माणूस २ लाच लेखकाचं म्हणणं समजून बसतो आणि मग पुढची सगळी उत्तरं चुकत जातात. मतप्रदर्शनाच्या लेखांत तर हे फार होतं, लेखक आधी समोरच्याची बाजू प्रामाणिकपणे मांडतो आणि मग ती खोडतो, आणि वाचक पहिल्याच भागावर विश्वास ठेवून पुढे जातो.

३ मध्ये "मात्र" आलाय. मात्र, पण, तरीही, याउलट, खरं तर, असं असूनही, हे शब्द दिसले की थांबा, कारण लेखक इथे वळतोय, आणि बहुतेक वेळा त्याला जे म्हणायचंय ते वळणाच्या पलीकडे असतं. "म्हणून", "त्यामुळे", "यावरून" हे शब्द निष्कर्षाकडे नेतात, त्यांच्यावरही लक्ष असू द्या. फक्त शब्द दिसला म्हणून डोळे झाकून तिथेच मध्यवर्ती कल्पना आहे असं धरू नका. सहाव्या वाक्यात "म्हणून" आहे पण ते फक्त पाणी का पोहोचवलं जायचं तेवढंच सांगतं.

४, ५, ६ ही तीन वाक्यं ३ ला आधार देतायत. ७ मध्ये एक घटना आहे. आणि ८? ते वाक्य इतकं छोटंय की वाचून सोडून दिलं जातं, पण त्याचं काम मोठं आहे, त्याच्याकडे आपण परत येणारच आहोत.

पायरी ४: एक वाक्य लिहा

आता उतारा झाकून ठेवा (खरंच झाका, हाताने किंवा वहीने) आणि स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहा. नव्या वाचकांकडून साधारण अशी वाक्यं येतात:

"१८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली." हे खरं आहे, पण ही फक्त पार्श्वभूमी झाली. हीच जर मध्यवर्ती कल्पना असती तर बिअरचा कारखाना आणि हॅम्पस्टेडची स्त्री उताऱ्यात कशाला आली असती?

"पंपाचा दांडा काढल्यामुळे साथ थांबली." हे उताऱ्यात कुठेही म्हटलेलं नाही. सातवं आणि आठवं वाक्य शेजारी शेजारी आलं म्हणून आपल्या डोक्याने "मुळे" जोडला, आणि आठवं वाक्य नेमकं त्याच्या विरुद्ध सांगतंय.

"पाणी नेहमी स्वच्छ प्यावं." चांगला सल्ला आहे, पण लेखकाने तो दिलेला नाही. आपल्याला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीतून बोध काढायची सवय असते त्यामुळे माहितीपर उताऱ्यातूनही बोध काढला जातो. उतारा सल्ला देत नसेल तर तुम्हीही देऊ नका.

"विज्ञानामुळे माणसाने रोगांवर मात केली." फार मोठं झालं. हे वाक्य या उताऱ्याखाली जसं चालेल तसं देवीच्या लशीवरच्या उताऱ्याखालीही चालेल. जे वाक्य दहा वेगवेगळ्या उताऱ्यांना चालतं ते यातल्या एकाचंही नसतं.

आता हे बघा: "कॉलरा हवेतून नाही तर पाण्यातून पसरतो या स्नोच्या संशयाला, कोण आजारी पडलं आणि कोण वाचलं याच्या तपासातून बळ मिळालं." यात २ मधलं जुनं मत आहे, ३ मधला संशय आहे, ४ ते ६ मधला तपास आहे. शब्द असेच पाहिजेत असं काही नाही, तुमचे वेगळे असतील. बघायचं एवढंच की उताऱ्यातली महत्त्वाची वाक्यं या एका वाक्याखाली बसतायत का, आणि जी बसत नाहीत ती का बसत नाहीत हे तुम्हाला सांगता येतंय का. आणि हो, "सिद्ध झालं" लिहायचा मोह होतो, पण उतारा तेवढं म्हणत नाही. त्यात स्नोचा संशय आहे आणि त्याला मिळालेला आधार आहे. लेखक जेवढ्या जोराने बोलतो तेवढ्याच जोराने आपण बोलायचं.

पायरी ५: पुरावा, आणि त्यातला भक्कम कुठला

प्रश्न येतो, "मध्यवर्ती कल्पनेला आधार देणारं विधान सांगा." ४, ५, ६ तिन्ही आधार देतात म्हणून कुठलंही एक लिहून मोकळं व्हावं असं वाटतं. पण तिन्हींचं वजन सारखं नाही, आणि हे ओळखता यायला लागलं की वाचनाचा दर्जाच बदलतो, म्हणून इथे जरा वेळ घालवू.

चौथं वाक्य घ्या. मृत्यू पंपाभोवती जास्त झाले. पटकन वाटतं, मिटला विषय, पाणीच कारण. पण आता जरा २ मधल्या डॉक्टरांच्या बाजूने उभे राहा. ते म्हणतील, अहो त्या पंपाभोवती राहणारी माणसं एकच पाणी पितात तशी एकच हवासुद्धा घेतात की! तिथली हवा जास्त खराब असेल. आणि चौथ्या वाक्यात त्यांना खोडून काढणारं काहीच नाही. म्हणजे ४ हा पुरावा आहे, पण तो पाणी आणि हवा यांना एकमेकांपासून वेगळं करू शकत नाही.

पाचवं वाक्य ते करतं. कारखाना त्याच रस्त्यावर, म्हणजे हवा तीच, फक्त प्यायचं वेगळं, आणि तिथे कोणी दगावलं नाही. सहावं वाक्य बरोबर उलट बाजूने येतं, हवा पूर्ण वेगळी, मैलोन्मैल दूरची, पाणी मात्र ब्रॉड स्ट्रीटचं, आणि ती स्त्री दगावली. दोन्ही वाक्यं एकत्र ठेवली की हवेवाल्या डॉक्टरांना बोलायला फार कमी जागा उरते. लेखकाने ही दोन्ही लागोपाठ ठेवलीत आणि मध्ये "याउलट" लिहिलंय, ते उगाच नाही.

यातून एक प्रश्न मिळतो जो कुठल्याही उताऱ्याला लावता येतो: लेखकाच्या म्हणण्याला विरोध करणारा माणूस हा पुरावा ऐकून काय म्हणेल? त्याला सहज पळवाट सापडत असेल तर पुरावा कच्चा, पळवाट बंद होत असेल तर पक्का.

आता सातवं वाक्य. पंपाचा दांडा काढणं हा या गोष्टीतला सगळ्यात नाट्यमय भाग, म्हणून "सगळ्यात महत्त्वाचा पुरावा कोणता" म्हटलं की भरपूर जण तेच उचलतात. पण साथ जर आधीच ओसरायला लागली होती तर दांडा काढल्याने काय फरक पडला हे या उताऱ्यावरून ठरवताच येत नाही. आठव्या वाक्याचं काम हेच, सातव्यावर जास्त भार टाकू नका असं ते बजावतं. नाट्यमय वाक्य लक्षात राहतं, पण लक्षात राहणं आणि आधार देणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वतःला तपासून बघायचं असेल तर ही एक जादा माहिती घ्या. पंपाच्या जवळच पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठी एक आश्रयगृह होतं, तिथे पाचशेहून जास्त माणसं राहायची, त्यातली फक्त ५ दगावली आणि त्या आश्रयगृहाला स्वतःची विहीर होती. ही माहिती उताऱ्यात घालायची झाली तर कुठल्या वाक्याशेजारी बसेल? पाचव्याशेजारी, कारण रचना तीच आहे, हवा तीच आणि पाणी वेगळं. हे पटकन दिसलं असेल तर पायरी जमली.

अजून एक, बाहेरची माहिती. आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहितीय की कॉलरा जंतूमुळे होतो, १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने तो जंतू वेगळा काढून दाखवला हेही काहींना माहीत असेल. पण वरच्या उताऱ्यात जंतूचा उल्लेखच नाही, त्यामुळे उत्तरात तो पुरावा म्हणून चालत नाही, कितीही खरा असला तरी. ज्यांचं अवांतर वाचन चांगलंय त्यांना हे जास्त जड जातं, डोक्यात साठलेलं आपोआप उत्तरात उतरतं. उपाय एकच, प्रत्येक पुराव्यासाठी वाक्याच्या नंबरावर बोट ठेवता आलं पाहिजे.

कल्पना कुठेच लिहिलेली नसेल तर?

"पहिलं वाक्य बघा, मध्यवर्ती कल्पना तिथेच असते" असं सांगणारे भरपूर भेटतात. कधी असते, कधी शेवटी असते, कधी मधेच वळणावर असते आणि कधी एकाही वाक्यात नसते. हा छोटा उतारा बघा:

डॉल्फिनच्या मेंदूचा एका वेळी अर्धाच भाग झोपतो, त्यामुळे झोपेतही तो श्वास घ्यायला पाण्यावर येऊ शकतो. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदके शत्रूवर लक्ष ठेवण्यासाठी बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतात. फ्रिगेट पक्षी समुद्रावर दिवसेंदिवस उडत राहतात आणि उडता उडताच थोड्या थोड्या वेळाच्या डुलक्या घेतात.

तिन्ही वाक्यांत फक्त माहिती आहे, कुठेही "म्हणून असं दिसतं की" नाही. अशा वेळी तिन्हींमध्ये समान काय ते शोधायचं. तिन्ही प्राणी झोपतात, हे एक. तिघांनाही पूर्ण गाढ झोपणं परवडणारं नाही, एकाला श्वास घ्यायचाय, एकाला शत्रूवर लक्ष ठेवायचंय, एक हवेत आहे, हे दुसरं. आणि तिघांनीही वेगळी पद्धत काढलीय, हे तिसरं. जोडून टाका: "जिथे निवांत झोपणं शक्य नसतं तिथे प्राणी झोप सोडत नाहीत, झोपायची पद्धत बदलतात." नुसतं "प्राणी वेगवेगळ्या प्रकारे झोपतात" लिहिलं तर चुकीचं नाही पण अर्धवट आहे, कारण प्रत्येक वाक्यात लेखकाने निवांत झोपता न येण्याचं कारण दिलंय किंवा सुचवलंय आणि ते यात गळालं.

कथेच्या उताऱ्यात वाक्यांपेक्षा बदल बघा, सुरुवातीला पात्र कुठे होतं, शेवटी कुठे आलं आणि मधे कशामुळे. पुरावा मग पात्राच्या बोलण्यात आणि वागण्यात शोधायचा, आणि बोलणं एक आणि वागणं दुसरंच असेल तर वागण्यावर जास्त विश्वास ठेवा.

पर्याय दिलेले असतील तेव्हा

आधी स्वतःचं वाक्य तयार करा, मग पर्याय वाचा. उलट केलं तर चारही पर्याय बरोबर वाटायला लागतात. ज्या पर्यायात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असतात तो ओळखीचा वाटतो म्हणून निवडला जातो, त्यापासून सावध, बरोबर पर्याय बऱ्याचदा वेगळ्याच शब्दांत मांडलेला असतो. "नेहमी", "फक्त", "सर्वच", "कधीच नाही" असे टोकाचे शब्द दिसले तर उताऱ्यात खरंच तेवढं म्हटलंय का ते परत जाऊन बघा. आणि अर्धा बरोबर अर्धा चूक असलेला पर्याय म्हणजे चूकच, "स्नोने मृत्यूंचा तपास करून साथ थांबवली" यातला पहिला भाग उताऱ्यात आहे, दुसरा नाही.

उत्तर लिहिताना

तीन गोष्टी लागतात, म्हणणं, पुरावा आणि दोघांना जोडणारा धागा. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. "स्नोला पाण्यावर संशय होता. कारखान्यातले कामगार दगावले नाहीत." असं लिहिलं तर वाचणाऱ्याला कळत नाही की या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध. त्याऐवजी असं लिहा: "कॉलरा पाण्यातून पसरतो या स्नोच्या संशयाला कारखान्याच्या उदाहरणाने बळ मिळतं, कारण तिथले कामगार त्याच रस्त्यावरची हवा घेत होते पण पंपाचं पाणी पीत नव्हते, आणि त्यांच्यापैकी कोणी दगावलं नाही." त्या "कारण" नंतरच्या भागात तुम्हाला उतारा कळलाय की नाही ते दिसतं. उताऱ्यातलं वाक्य पूर्णच्या पूर्ण उतरवून काढायची गरज नाही, हवा तेवढा तुकडा घ्या आणि बाकी आपल्या भाषेत लिहा.

सरावासाठी

लांब पुस्तकं लागत नाहीत. दोनतीन परिच्छेदांचा कुठलाही माहितीपर मजकूर किंवा वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या, शीर्षक झाकून वाचा, एक वाक्य लिहा आणि मग शीर्षकाशी ताडून बघा. जुळलं नाही तरी लगेच स्वतःलाच चूक ठरवू नका, शीर्षकं कधी कधी फक्त लक्ष वेधायला दिलेली असतात, अशा वेळी परत वाक्यांच्या कामाकडे जायचं आणि ठरवायचं.

जोडीदार मिळाला तर अजून चांगलं. एकाने मध्यवर्ती कल्पना सांगायची, दुसऱ्याने प्रत्येक वेळी एवढंच विचारायचं, "कुठल्या वाक्यावरून?" आणि पहिल्याने नंबर सांगायचा. नंबर सांगितल्यावर दुसऱ्याने विरोधकाची भूमिका घेऊन त्या पुराव्यात पळवाट शोधायची. पळवाट सापडली तर पहिल्याने एकतर दुसरं वाक्य द्यायचं नाहीतर आपली कल्पना सौम्य करायची, "सिद्ध झालं" च्या जागी "आधार मिळाला", "सगळे" च्या जागी "बहुतेक" असं. नंतर भूमिका बदला. सुरुवातीला एका उताऱ्याला बराच वेळ लागेल, लागू द्या, त्या वेळेत घाईने पाच उतारे उरकण्यापेक्षा एकच असा पिंजून काढलेला जास्त कामाला येतो.